पावसात बाईने थांबायचं कुठे?

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'सार्वजनिक जागा आणि स्त्रिया' असा विषय दिला आहे. यावर शहरातल्या अभ्यासक मैत्रिणींनी पुष्कळ काम केलंय. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक २०११ साली आलं. बाईला काही काम नसताना, नुसतं रेंगाळायला म्हणूनही रस्त्यावर येता आलं पाहिजे, हे त्यांनी मुंबईच्या अनुभवावरून मांडलं. मला ते पटतं. पण मी आज बोलणार आहे ती भिवापूर ते पवनी या रस्त्याबद्दल, आणि त्यातही एकाच दिवसाबद्दल. त्या दिवशी झड लागली होती.

माझी एक मैत्रीण आहे. तिचं नाव सांगायचं नाही अशी तिची अट आहे. वय बासष्ट. मी चार वर्षांनी लहान. आम्ही ठरवलं की उमरेडहून निघायचं, भिवापूर करत पवनीला वैनगंगेपर्यंत पायी जायचं. मोर्चा नाही, प्रचार नाही, वारी नाही. नुसतं चालायचं. घरी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. 'नवस आहे' म्हटलं असतं तर त्याच घरांतून दशम्या बांधून मिळाल्या असत्या!

उमरेड हे जाईबाई चौधरींचं जन्मगाव, १८९२ सालचं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ सालच्या पुस्तकात त्यांची हकिकत आहे. डोक्यावर ओझं घेऊन नागपूर ते कामठी पायी जाणारी ही हमाल मुलगी पुढे शिकली आणि १९२२ साली तिने नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. या भागातल्या बाया चालत नव्हत्या असं कधीच नव्हतं. चालत होत्या, पण ओझ्यासाठी. पूर्वी नागपूर-नागभीडची छोटी गाडी भिवापुरात थांबायची. रुळ रुंद करायचे म्हणून ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. त्यानंतर २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. तेव्हा कॉलेजच्या पोरी कशा पोचत होत्या, किती जणी घरीच बसल्या, हे खेड्यांत काम करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं. पण बस आली पाहिजे, आणि ती येईपर्यंत उभं राहायला जागा पाहिजे.

तर दुसऱ्या दिवशी भिवापूर सोडलं तेव्हा पाऊस बारीक होता. भिवापूर म्हटलं की मिरची. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. सातऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या मैदानांवर, देठ खुडायला बसतात त्या बायाच. पण ते हिवाळ्या-उन्हाळ्याचं काम. आषाढात तिकडे शुकशुकाट आणि बांध्यांमध्ये रोवणीची गर्दी. या पट्ट्यात कापूस-सोयाबीन आणि धान एकमेकांना भेटतात, त्यामुळे एका धुऱ्याच्या अलीकडे काळा चिखल आणि पलीकडे घोटाभर पाणी.

तासाभरात पाऊस वाढला. छत्र्या उलट्या झाल्या. पहिलं गाव लागलं. तिथे बस थांब्याचा निवारा होता. आत पुरुष बसलेले, मधे पत्त्यांचा डाव. आम्हाला कोणी काही बोललं नाही, सरकून जागाही दिली. पण आम्ही आत पाय ठेवला आणि बोलणं थांबलं. पाच मिनिटांत आम्हीच बाहेर पडलो. पुढे पानठेला, त्याच्या छपराखाली पुरुष. देवळाचा ओटा, तिथेही तेच. पाराचं झाड मोठं होतं, पण त्याखाली पारावरचे होते. तीन गावांत आम्हाला हेच चित्र दिसलं. पाऊस पडला की गावातले पुरुष कुठे जातात ते दिसतं. बाया मात्र घरात, नाहीतर बांधीत.

बांधीतल्या बायांशी बोललो. खताच्या पोत्यांच्या खोळी डोक्यावर, हातात पऱ्ह्यांच्या पेंढ्या. त्यांनीच हाक मारली, "कोणाकडे चालल्या, बाई?" म्हटलं, कोणाकडेच नाही, पवनीला पायी चाललोय.

"मंग काई कार्यक्रम हाये का?"

"नाही, नुसतंच."

एक जण कंबर सरळ करत म्हणाली, "आमाले रोजी भेटते म्हणून आमी चिखलात उभ्या. तुमाले कोण देते?" सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. मग त्यांतली सगळ्यांत म्हातारी म्हणाली, "लगन झाल्यापासून बिनकामाची मी धुऱ्याच्या पल्याड गेली नाही वं." तक्रार म्हणून नाही, सहज माहिती दिल्यासारखं सांगितलं आणि पुन्हा वाकली.

मला तो प्रश्न अजून टोचतो. आम्ही दोघी पेन्शनवाल्या. आमची हौस आणि त्यांची रोजी एकाच पावसात भिजत होती, म्हणून ती एक होत नाही. पण त्यांना रिकामपण नको आहे, असं म्हणायला मी तयार नाही. आपल्याच बैठकांत कोणी म्हणतं, 'आधी पोटाचं बघू, फिरण्याचं नंतर.' त्या बाईचं लग्न होऊन पन्नास वर्षं तरी झाली असतील. नंतर म्हणजे केव्हा?

दुपारी एका पुनर्वसनाच्या गावात पोचलो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. बुडालेल्या गावांतली माणसं अशी सरळ रेषेत आखलेल्या गावठाणांत आली आहेत. तिथे एका बाईने आम्हाला घरात घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि न विचारता संडास दाखवला. (रस्त्याने चालणाऱ्या बाईसाठी याहून मोठं आदरातिथ्य नाही. २०१९ साली सगळी गावं हागणदारीमुक्त जाहीर झाली, पण ते संडास घराघरांतले. वाटेवरच्या बाईला कुठलं घर? माझी मैत्रीण सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती.)

चहा घेताना ती बाई म्हणाली की जुन्या गावात नदीचा घाट होता, धुणं घेऊन गेलं की दोन तास कोणी विचारत नसे. इथे नळ दारात. "सोय झाली जी, पण कोणाचं तोंड दिसत नाही."

आता याचं काय करायचं? पाण्यासाठी आपण हंडे घेऊन मोर्चे काढले. मृणाल गोऱ्यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे ते उगीच नाही. नळ दारात हवाच. कोणी मला म्हणेल की बायांना एकत्र यायला विहीर बरी, तर त्याला मी आधी चार खेपा घालायला लावीन. पण घाट गेला तेव्हा त्याच्या बदल्यात बायांना बसायची जागा कोणी मोजली नाही. पुनर्वसनाच्या नकाशात शाळा असते, समाजमंदिर असतं, स्मशानभूमी असते. बायांचा कट्टा नसतो. कामाच्या नावाखाली का होईना, दोन तास मिळत होते, ते हिशेबात आलेच नाहीत.

निलज फाट्यावरून पवनीला पोचायला अंधार झाला. शेवटचे चार किलोमीटर मैत्रीण गाणी म्हणत होती, तिचा गळा वाईट आहे.

माझं तुमच्याकडे एक काम आहे. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावाचा नाहीतर वस्तीचा नकाशा हाताने काढून आणा. सुबक नको. पाऊस लागल्यावर बाई कुठे कुठे, किती वेळ, कोणी न विचारता थांबू शकते, तेवढ्या जागा त्यावर लाल पेन्सिलीने दाखवा. अंगणवाडीचा व्हरांडा, शाळेची पडवी, कोणाचं दार, जे असेल ते. मुलींना वेगळं विचारा, सासुरवाशिणींना वेगळं. नकाशे ग्रामसभेत ठेवायचे आहेत, तेव्हा पंचायतीतल्या सदस्य बायांना आधीच सोबत घ्या.

आणि हिवाळ्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत, भिवापूरहून नागभीडकडे. ज्यांना यायचं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्या. कारण लिहायची गरज नाही.