आई-बापाचं नाव घरात निघू द्या

गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ते, कर्ज यावर बोलतो. आज आम्ही दुःखाविषयी बोलणार आहोत. आई किंवा वडील जाऊन वर्षं लोटली, तरी घरातून जात नाही, त्या दुःखाविषयी.

आपल्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी कोण विसरेल? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या या ठाकरांच्या वाडीवर दरड आली. वर गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसं भर पावसात पायी डोंगर चढली. २७ मृतदेह सापडले. २३ जुलैला शोध थांबला, तेव्हा ५७ माणसं मिळालेलीच नव्हती. काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. वाचलेल्यांना चौकजवळ आधी कंटेनरची घरं मिळाली, पुढे सिडकोनं पक्की घरं बांधली.

घर परत मिळालं, आई-बाप मिळत नाहीत. ज्यांचा देहच सापडला नाही, त्यांच्या लेकरांनी शेवटचं तोंडही पाहिलं नाही. एरवी बेपत्ता माणसाला कायदा सात वर्षांनी मृत मानतो. इथे शासनानं लगेच जाहीर केलं. कागदपत्रांसाठी, मदतीसाठी ते गरजेचंच होतं. पण कागद झाला म्हणून मनाची वाट बघणं थांबत नाही.

दरड एका वाडीवर आली, पण आई-बाप गमावलेली घरं कर्जत-खालापुरात गावोगाव आहेत. कुणी आजारानं गेलं, कुणी साप चावून, कुणी अपघातात, कुणी कोरोनात. अशा घरांना आपण म्हणतो, "झालं ते झालं, आता विसरा." मुलांसमोर तर नावही काढत नाही. मुलं हुशार असतात. आपण विचारलं की आजी रडते, हे ती बघतात आणि विचारणंच सोडतात. दुःख मात्र आतच राहतं.

सहा वर्षांच्या मुलीला आई गेली हे कळतं, पण काय गेलं ते पुरतं कळत नाही. पहिली पाळी येते, दहावीचा निकाल लागतो, हळद लागते, बाळंतपण येतं, तेव्हा ते नव्यानं कळतं. दहा वर्षांनी ती रडली तर ते नाटक नाही, वेडही नाही.

घरातल्या थोरल्या मुलीकडे जास्त लक्ष द्या. चूल, पाणी, धाकटी भावंडं सगळं तिच्यावर येतं. "किती शहाणी आहे," असं आपण कौतुक करतो, आणि तिची शाळा सुटते. मागे राहिलेला बाप गप्प होतो, कधी दारूकडे वळतो. त्यालाही कुणी विचारत नाही.

मग करायचं काय? गेलेल्याचं नाव सहज घ्या. "तुझ्या आईला नाचणीची भाकरी आवडायची," एवढंही पुरतं. त्या तारखेला घर एकत्र बसू द्या. लहान मुलाला "आई झोपली" असं सांगू नका, ते झोपेलाच घाबरतं. "आई वारली, ती परत येणार नाही, यात तुझी काही चूक नाही," असं स्पष्ट सांगा. कामं वाटून घ्या.

कुणाची झोप, जेवण तुटलं, किंवा कुणी "मलाही त्यांच्याकडे जायचंय" म्हणालं, तर रागावू नका, एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. आई किंवा वडील नसलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. अंगणवाडीताईंना विचारा, किंवा अलिबागच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा.

आणि येत्या बैठकीत हिशोब संपला की शेजारी बसलेल्या बाईला विचारा, "तुझी आई कशी होती गं?" मग ती बोलेल तेवढं ऐकून घ्या. मधे समजूत काढू नका.