थर्मामीटर काय म्हणाला?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याची तारीख ठरत होती तेव्हा आपल्या ग्रुपवर एकाने मला विचारलं, "इतकी वर्षं परळच्या लॅबमध्ये होतीस, मग शोध कसला लावलास?" प्रश्न थट्टेचा होता, पण रास्त होता. तुमच्या कानावर आला असेल असा एकही शोध माझ्या नावावर नाही. मग ही वर्षं गेली कशात, तेवढं सांगते.

माझं काम पेशींवरचं. बाटलीत वाढवलेल्या पेशी ३७ अंशांवर ठेवाव्या लागतात आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाद्य बदलावं लागतं. त्यांना रविवार कळत नाही, गणपतीही कळत नाहीत. लालबागच्या रांगांमधून "अहो, जाऊ द्या, कामावर जायचंय" म्हणत मी कितीतरी वर्षं वाट काढली. २६ जुलै २००५ ला हिंदमाताला पाणी भरलं, ती रात्र लॅबमध्येच काढली. बाकीचे दिवस साधेच. मोजायचं, लिहायचं, हवं ते आलं नाही म्हणून पुन्हा करायचं. दहातले आठ प्रयोग फसतात, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही.

आता जे आजवर फारसं कुणाला सांगितलं नाही ते सांगते.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची पाळी पुन्हा कधी लागली नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांची हीच कथा. १९८३ मध्ये मला पीएच.डी.साठी फेलोशिप मिळाली आणि घर तिच्यावर चालू लागलं. १९८७ हे तिचं शेवटचं वर्ष. शोधनिबंध टाइप होऊन तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी होता.

एका संध्याकाळी, केवळ खात्री करायची म्हणून, मी पेशींना डीएनएला चिकटणारं रंगद्रव्य दिलं आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशीचं केंद्रक चमकतं, भोवती काळोख हवा. माझ्या पेशींभोवती बारीक ठिपके चमकत होते. मायकोप्लाझ्मा! हा जंतू इतका लहान की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, बाटलीतलं पाणी गढूळ होत नाही, पेनिसिलिनला तो दाद देत नाही. पण पेशींचं वागणं तो बदलून टाकतो. म्हणजे मी मोजलं होतं ते पेशींचं होतं की या पाहुण्याचं, हे सांगता येईना.

खोलीत मी एकटीच होते. काच धुऊन टाकली असती तर कुणालाही कळलं नसतं. घरी पोहोचले तर वडील म्हणाले, "झालं ना गं तुझं आता?" मी "हो" म्हटलं. रात्रभर झोप लागली नाही.

आणि आठवल्या त्या आपल्या विज्ञानाच्या बाई. नववीत पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा होता. थर्मामीटर ९८ वर अडला, आणि आपण सगळ्यांनी जर्नलमध्ये १०० लिहिलं. बाईंनी माझी वही उचलली. "पुस्तकात १०० आहे हे मलाही ठाऊक आहे. थर्मामीटर काय म्हणाला?" मी "९८" म्हटलं. "मग ९८ लिही. का आलं ते नंतर शोधू." सगळ्या वर्गाने पान पुन्हा लिहिलं. बाईंना शिव्याही घातल्या!

दुसऱ्या दिवशी सरांना काच दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "किती महिन्यांचं गेलं?" मी म्हटलं, "अठरा." ते म्हणाले, "गोठवलेल्या जुन्या पेशी बाहेर काढ." अकरा महिने पुन्हा काम केलं. फेलोशिप संपली, तेव्हा संध्याकाळी चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. तीन निष्कर्षांपैकी दोन गळाले, एक टिकला. तो छोटा आहे, पण खरा आहे.

परळच्या ज्या हाफकिन संस्थेवरून आपण जायचो, त्या हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला एका बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि ठपका त्यांच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली उघडल्यावर तिला दुर्गंधी नव्हती. जंतू आधीपासून आत वाढत असते तर ती आली असती. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. असे साधे पुरावे जुळवता जुळवता १९०७ साल उजाडलं, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. पाहिलेलं जसंच्या तसं सांगण्याची किंमत कधीकधी एवढी असते.

बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला ते ९८ आठवत नसेल. माझी नोकरी त्यावर उभी राहिली.

आणि आज शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती. एखाद्या मुलाचं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं, तर मार्क कापण्याआधी त्याला विचारा, तुला काय दिसलं?