आपल्या माणसांवरचा ताबा

 

रावेर-यावलकडच्या केळीवाल्या भावाला विचारा. कंद लावले, ठिबक केलं, खतं दिली, घड निसवले. आणि मे-जूनमध्ये एक वादळ येतं, बघता बघता बाग आडवी! मेहनत आपल्या हातात, वारा नाही. तरी तो पुन्हा लागवड करतोच. समर्पण म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, हे खानदेशात वेगळं शिकवावं लागत नाही.

अवघड आहे ते दुसरंच. आपल्या माणसांवरचा ताबा सोडणं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं बघा. आपल्या धरणगावचे बालकवी ज्यांच्या घरी नगरला राहिले, ते हे टिळक. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. स्वतःचं आयुष्य प्रभूच्या हाती दिलं. पण किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली. नवरा जिवंत असून काही वर्षं ताटातूट झाली. पुढे एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. टिळक त्यांच्या वतीने विश्वास ठेवू शकत नव्हते. मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्याच मनात प्रश्न उठला, जात देवाने केली की माणसाने? उत्तर सापडलं आणि कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी स्वतः ठरवलं. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधे पाच वर्षं गेली, बरं का.

आणि टिळकांचं समर्पण तरी 1895 ला संपलं का? 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी, पगार सोडला आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागले. म्हणजे 22 वर्षांनी पुन्हा मूठ उघडावी लागली.

आपण काय करतो? "प्रभू, माझं जीवन तुझं," असं म्हणतो आणि घरी येऊन मुलाने काय शिकावं, सुनेने किती प्रार्थना करावी, सगळं आपणच ठरवतो. गेथशेमाने बागेत येशूने स्वतःची इच्छा पित्यापुढे ठेवली. शिष्य झोपले होते. त्यांना त्याने उठवलं, सावध केलं, पण जबरदस्ती केली नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या ज्या माणसाची जास्त काळजी वाटते, त्याचं नाव घ्या आणि म्हणा, "प्रभू, हा माझा आहे, पण माझ्या ताब्यातला नाही. तू सांभाळ." आणि मग त्याला भाषण देऊ नका. जेवायला वाढा.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. आमेन.