पाण्यातील युरेनियम आणि विजेची परीक्षा
(व्याख्यानाचा सारांश)



किरणोत्सारी पदार्थ म्हटला की आपल्याला टकटक वाजणारा गायगर काउंटर आठवतो. पाण्यातील युरेनियम शोधायला मात्र तो कुचकामी ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली. एवढ्या युरेनियमातून सेकंदाला जेमतेम एक अल्फा कण निघतो आणि तोही पाण्यातच अडतो. खरी भीती किरणांपेक्षा विषाची आहे, कारण युरेनियम मूत्रपिंडाला अपाय करते. त्याला रंग नाही, वास नाही. पंजाबच्या माळवा भागात, भटिंड्याच्या आसपास, अनेक बोअरच्या पाण्यात ते या मर्यादेहून अधिक आढळले आहे. तिथल्या आईने मुलाला दिलेला पेला स्वच्छच दिसतो!

मग ओळखायचे कसे? येथे वीज उपयोगी पडते. प्रागचे हेरॉव्स्की यांनी १९२२ साली पोलरोग्राफी शोधली. १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही त्याच घराण्यातली रीत. पाण्यात थोडे आम्ल घालायचे, कारण युरेनियम बायकार्बोनेटशी बांधलेले असते. ती गाठ आधी सोडवावी लागते. मग क्लोरॅनिलिक आम्लासारखे द्रव्य मिसळायचे. ते युरेनियमला धरून विद्युतअग्रावर साचवते. थोड्या वेळाने दाब हळूहळू बदलत नेला की ठराविक व्होल्टला विद्युतप्रवाह एकदम उसळी घेतो. ही उसळी जितकी उंच तितके युरेनियम अधिक. खात्रीसाठी त्याच पाण्यात माहीत असलेले युरेनियम टाकून उसळी किती वाढते ते पाहतात. ही पडताळणी मला फार आवडते. दुकानदाराचा काटा आपल्याच वजनाने तपासावा तसे.

पूर्वी विद्युतअग्र पाऱ्याच्या थेंबाचे असे. पारा स्वतःच विषारी, म्हणून आता बिस्मथचा पातळ थर वापरण्याकडे कल आहे. पाण्यात कुजलेला पाला किंवा साबण असेल तर अग्र माखते आणि आकडा चुकतो.

या पद्धतीने सर्वच किरणोत्सारी द्रव्ये सापडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ट्रिटियम हा तर हायड्रोजनच. तो पाण्याचाच भाग होऊन बसतो. त्यासाठी किरणच मोजावे लागतात.

पालक विचारतील, पाणी उकळले तर? उकळल्याने वाफ जाते, युरेनियम भांड्यातच राहून उलट दाट होते. आर. ओ. यंत्र मात्र ते बरेचसे अडवते. पण त्यातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी भांडी किंवा भाजी धुण्यास वापरू नये.