वाऱ्यावर स्वार होणारा चमू

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरात, १९७२ साली गरम हवेच्या १३ फुग्यांनिशी सुरू झालेल्या मेळ्यात आता दर ऑक्टोबरात शेकडो फुगे आकाशात झेपावतात. इथल्या स्पर्धांत कस लागतो नेमकेपणाचा. जमिनीवरच्या खुणेजवळ वजन बांधलेली फीत टाकायची. फुग्याला सुकाणू नसतं. उंची बदलून हवा तो वारा गाठायचा. इथे रात्री गार झालेली हवा रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे वाहते. वरचा वारा मात्र बरेचदा उत्तरेकडे जातो; म्हणून उंची बदलली की दिशाही बदलते. पण वैमानिक एकटा काय करणार? पंख्याने हवा भरताना फुग्याचं तोंड ताणून धरणारे, शेंड्याचा दोर पेलणारे, उड्डाणानंतर गाडीने माग काढणारे साथीदार लागतातच. स्पर्धा जिंकली, तर श्रेय या सगळ्यांचंच!