ऐकणारा कान

चेन्नईतील मैलापूर म्हटले की कपालीश्वराचे उत्तुंग गोपुर आणि मंदिराजवळचे विस्तीर्ण तळे डोळ्यांपुढे उभे राहते. त्या मैलापूरला लागूनच असलेल्या राजा अण्णामलैपुरम या भागात ‘स्नेहा’ नावाची संस्था आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ती 1986 साली स्थापन केली. जिवाला कंटाळलेल्या माणसाचे बोलणे दोष न देता ऐकून घ्यावे आणि ते गुप्त राखावे, हेच तेथील स्वयंसेवकांचे काम.

अशा ऐकण्याची गरज कोणाला, असा विचार करू लागलो म्हणजे मला आपल्या आश्रमशाळांतील मुले आठवतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील आदिवासींची संख्या 1 कोटी 5 लाखांवर होती. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीच्या पाड्यांवरची कित्येक मुले शिक्षणासाठी घरापासून दूर राहतात. त्यांच्या रंगाची, बोलीची, आडनावाची टवाळी पूर्वीही होत असे; परंतु ती ऐकणारे चार-दोघेच असत. आज तीच टवाळी मोबाइलमधून थेट उशाशी येते आणि शेकडो लोक ती वाचतात.

मग मूल हे सांगत का नाही? सांगितले, तर वडीलधारी मंडळी प्रथम मोबाइलच काढून घेतात. त्याच मोबाइलवर त्याला आईचा आवाज, भिलीतले वा गोंडीतले दोन शब्द ऐकू येत असतात. तो धागा तोडला, तर शिक्षा छळणाऱ्याला होत नाही, सोसणाऱ्याला होते. म्हणून मूल गप्प राहते. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, पुस्तक उघडवत नाही.

ही निव्वळ थट्टा नव्हे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा 1989 साली झाला. समाजमाध्यमावर केलेला अपमान हाही लोकांदेखत केलेला अपमानच होय, असे केरळ उच्च न्यायालयाने 2022 साली म्हटले. मुलांच्या मदतीसाठी 1098 आणि मनाच्या आजारांसाठी 14416 हे दूरध्वनी क्रमांकही आहेत.

परंतु कायदा आणि क्रमांक यांच्याआधी मुलाजवळ असतो तो शिक्षक, अधीक्षक किंवा थोरला भाऊ. त्याने अपमानाचा मजकूर पुसू नये. तो पुरावा म्हणून जपावा. मोबाइल हिसकावू नये. मुलाशेजारी बसावे, त्याच्याच बोलीत ‘काय झाले?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.