वरच्या आभाळातली खळबळ



कामगार चळवळीत उमर घालवलेल्या माणसाने या व्यासपीठावरून आभाळातल्या विजेविषयी बोलावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. आमची शाळा सातवीलाच सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण हा विषय आम्ही शोधला नाही, तोच आमच्या दारी आला. एका पावसाळ्यात आमच्या वस्तीत कमरेइतके पाणी शिरले. नाला उपसलेला नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. जाब कोणाला विचारायचा यासाठी सभा भरली, तेव्हा एक तरुण सहकारी उठून म्हणाला, "दादा, इथे कोणाला विचारता? अमेरिकेने अलास्कात यंत्र बसवले आहे, ते आभाळ तापवते. हा पाऊस त्याचा!" सभेत माना डोलल्या. आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधायला आम्ही वाचनालयात गेलो.

पहिली गोष्ट ही कळली की, तो तरुण अगदीच खोटे बोलत नव्हता. वरचे आभाळ रेडिओने तापते, हे 1933 साली ध्यानात आले, तेही योगायोगाने. हॉलंडमध्ये टेलेगेन नावाचे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर स्टेशन ऐकत होते, तर त्याच्याच लाटेवर लक्झेंबर्ग स्टेशनचा कार्यक्रम ऐकू येऊ लागला. पुढच्याच वर्षी बेली आणि मार्टिन यांनी उलगडा केला. लक्झेंबर्गचे जोरकस तरंग वरच्या थरातले इलेक्ट्रॉन तापवत होते आणि तेथून जाणारी दुसरी लाट त्या चढउताराचा ठसा घेऊन येत होती.

हा थर म्हणजे आयनांबर. सूर्याचे अतिनील किरण तेथील अणूंतून इलेक्ट्रॉन उडवतात. सुमारे 250 किलोमीटर उंचीवर, भर दुपारी, एका घन सेंटिमीटरात दहा लाखांच्या घरात मोकळे इलेक्ट्रॉन असू शकतात. आकडा मोठा वाटतो. पण आपण बसलो आहोत तेथे तेवढ्याच जागेत हवेचे जे रेणू आहेत, त्यांची संख्या 25 वर 18 शून्ये इतकी आहे. त्या विरळ, विद्युत्भारित वायूला प्लाझ्मा म्हणतात.

झोपाळ्याला जसा आपला झोका, तसा प्लाझ्माला आपला ठोका असतो. इलेक्ट्रॉन जितके दाट, तितका ठोका जलद. वर जाणाऱ्या रेडिओ तरंगाचा ठोका जेथे त्याच्याशी जुळतो, तेथे तो थबकतो व मागे वळतो. थबकताना त्याचा जोर फुगतो. हा जोर एका मर्यादेपलीकडे गेला, की तरंगच फुटतो आणि त्यातून दोन लाटा निघतात. एक इलेक्ट्रॉनांची जलद लाट, ती लँगम्यूर या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात. दुसरी जड आयनांची, ध्वनीसारखी संथ. पहिली लाट पुन्हा फुटते, तिच्यातून निघालेलीही फुटते. हाच तो संक्षोभ. या लाटांवर स्वार झालेले काही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात आणि रात्रीच्या आभाळात मंद तांबडा वा हिरवा प्रकाश उमटतो. असा प्रकाश नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका उजळ झाल्याचे अलास्कातील प्रयोगकर्त्यांनी 2005 साली प्रसिद्ध केले.

हे मुद्दाम घडवून पाहण्याचे मोठे प्रयोग 1970 साली कोलोरॅडोतील प्लॅटव्हिल येथे झाले. पुढे नॉर्वेत ट्रॉम्सोजवळ आणि रशियात सुरा येथे. अलास्कातील गाकोना येथे 180 एरियले आणि 3,600 किलोवॅटचा प्रक्षेपक आहे. तो लष्कराच्या पैशाने उभा राहिला, म्हणून लोकांना संशय आला. त्यात आम्हांला नवल वाटत नाही. 2015 पासून तो अलास्का विद्यापीठाकडे आहे.

आता हिशेब करू. हिशेब तपासणे हा आमचा धंदाच आहे. गाकोनाचे तरंग आयनांबरात पोचतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला त्यांची शक्ती एका वॅटच्या तीन दशलक्षांशांहूनही कमी असते. तेथे सूर्याची त्याच्या चाळीस हजार पटींहून अधिक. ठोका जुळतो आणि वायू अतिविरळ आहे, म्हणूनच एवढ्याशा ढकलण्याने तेथे खळबळ माजते. प्रक्षेपक बंद केला, की ती काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत विरते. ढग तर खालच्या दहापंधरा किलोमीटरांत. तेथून हे तरंग जवळजवळ न अडता निघून जातात. एका चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख टन पाणी. तेवढ्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, तेवढी पुरवायला ते यंत्र पूर्ण जोराने दोन वर्षांहून अधिक काळ चालवावे लागेल. आणि आमच्या वस्तीचा पाऊस एका रात्रीचा होता!

मग हे प्रयोग करायचे कशाला? सूर्यास्तानंतर विषुववृत्ताजवळच्या आयनांबरात, आपल्या देशावरही, निसर्गतःच खळबळ माजते आणि उपग्रहांचे संदेश थरथरतात. निसर्गाची खळबळ आपल्या सोयीने येत नाही. येथे मात्र बटण आपल्या हाती असते. केव्हा सुरू झाले, किती जोर दिला, हे ठाऊक असते. कारण आणि परिणाम शेजारी ठेवून पाहता येतात.

पुढच्या सभेत आम्ही हा हिशेब फळ्यावर मांडला. तो तरुण बराच वेळ आकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे दादा, नाल्याचंच बोलायला हवं." अर्जावर पहिली सही त्याने केली. श्रोतेहो, ज्याला जाब विचारता येत नाही असे दूरचे यंत्र दोषी ठरले, की ज्याला विचारता येतो तो जवळचा माणूस सुटतो. म्हणून गरिबाला विज्ञान हवे.